मदत हवी आहे: कॅसेट डेक प्ले दाबल्यावर पाच सेकंदांत थांबतो

जुन्या बाजारातला ऐंशीच्या दशकातला टू-हेड डेक. फॉरवर्ड-रिवाइंड ठणठणीत, पण प्ले दाबलं की चार-पाच सेकंदांत खटकन ऑटो-स्टॉप. कॅसेट काढली की पिंच रोलरपाशी (टेप दाबून धरणारा रबरी रोलर) टेपचं वेटोळं लोंबतं, म्हणजे उजवं रील टेप ओढतच नाही. कॅपस्टनचा (टेप पुढे सरकवणारा फिरता दांडा) बेल्ट नवा टाकलाय (जुन्याचं पार डांबर झालं होतं), हेड-रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेत. टेक-अप टॉर्क, म्हणजे उजव्या रीलची टेप गुंडाळायची ओढ, साधारण 30 ते 60 ग्रॅम-सेंमी हवा. इथे नुसतं बोट टेकवलं तरी रील फिरवणारा स्पिंडल थांबतो. आयडलरचा (मोटरची गती रीलपर्यंत नेणारं चाक) रबरी टायर गुळगुळीत, चकचकीत दिसतो. तो 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून भागेल, की ओ-रिंग बसवू? की फॉरवर्ड चालतंय म्हणजे टायर ठीक आणि प्लेचा फेल्ट क्लचच (ओढ मर्यादित ठेवणारी नमद्याची चकती) घसरतोय? स्पिंडल न मोडता तो क्लच कसा उघडायचा?