आधी बघा, मेल साठतात कुठे
नवा मेल प्रोग्रॅम निवडताना मांडणी आणि वेग बघा, असं सांगितलं जातं. ते मान्य, पण पुरेसं नाही. तो मेल कशा फाइलमध्ये ठेवतो, हे आधी बघा. म्हापशात आमचं होमस्टेचं छोटं ऑफिस आहे. जुना प्रोग्रॅम सगळे मेल एकाच अवाढव्य फाइलीत कोंबायचा. जुलैत धो धो पावसात लाइट गेली आणि ती फाइल उघडेचना. दुरुस्तीचं टूल रात्रभर चालवलं, सकाळी अर्धेच फोल्डर हाती लागले. पाहुण्यांचे कितीतरी जुने मेल कायमचे गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

आता थंडरबर्ड हा मोफत मेल प्रोग्रॅम वापरतो. तो प्रत्येक फोल्डरची वेगळी एमबॉक्स फाइल (त्या फोल्डरचे मेल एकाखाली एक ठेवणारी) करतो, म्हणजे एक बिघडली तरी बाकीच्या शाबूत. ही साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर साधे इंग्रजी मेल बहुधा सरळ वाचता येतात. मराठी मेल बहुधा अगम्य अक्षरांची माळ दिसतात, पण घाबरू नका, ते फक्त एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत आहे. एक मात्र सांभाळा: डिलीट केलेला मेल फाइल 'कॉम्पॅक्ट' होईपर्यंत, म्हणजे डिलीट केलेलं काढून ती आटोपशीर करेपर्यंत, फाइलीतच राहतो. ते काम यूपीएस चालू असतानाच करा. आणि तुमचं खातं पॉपवर (सर्व्हरवरचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) असेल तर नवा प्रोग्रॅम जोडण्याआधी 'मेल सर्व्हरवर ठेवा' ही खूण केलीय ना, ते दोनदा तपासा. नाहीतर नवा प्रोग्रॅम मेल उतरवून घेतो आणि सर्व्हर रिकामा होतो.