‘इंपीडन्स मॅचिंग’ला मराठी शब्द कोणता?

प्रश्न:
पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी टिपणे लिहिताना पुढील वाक्यावर मी अडलो आहे : ‘कार्यक्षम शक्ती-हस्तांतरणासाठी संरोधाचे समानीकरण करणारे परिपथ वापरतात.’ ‘इंपीडन्स’साठी ‘संरोध’ घ्यावा की हिंदीतला ‘प्रतिबाधा’, आणि ‘समानीकरण’ योग्य आहे का?

प्रतिसाद १:
‘संरोध’च घ्यावा, असे माझे मत आहे. शाळेच्या पुस्तकातला ‘रोध’ विद्यार्थ्याला ठाऊक असतो. त्याच्याशी वेटोळ्याचा आणि धारित्राचा (कपॅसिटरचा), वारंवारतेनुसार बदलणारा विरोध एकत्र आला की ‘संरोध’ होतो आणि ‘सम्’ हा उपसर्ग नेमके तेच सांगतो. मूळ इंग्रजी शब्द ब्रिटिश विद्युत-शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1886 मध्ये रूढ केला. त्यामागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाय अडकवणे असा आहे, म्हणजे अक्षरशः आपला ‘खोडा घालणे’. परिभाषेत ‘खोडा’ चालणार नाही, पण वर्गात समजावताना तो जरूर वापरावा.

‘समानीकरण’ मात्र टाळावे, कारण येथे काहीही समान केले जात नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत 8 ओहमचा स्पीकर शेवटपर्यंत 8 ओहमचाच राहतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर 25 : 1 असेल, तर त्याच्या वर्गामुळे, म्हणजे 625 पटीने, व्हॉल्व्हला तो 5000 ओहमचा भासतो. शिवाय स्रोताच्या संरोधात वेटोळ्याचा भाग असेल, तर भाराच्या, म्हणजे शक्ती घेणाऱ्या उपकरणाच्या, बाजूला तेवढाच धारित्राचा भाग असावा लागतो. खाच आणि तिच्यात बसणारे कुसू एकसारखे नसतात, तरी ते जुळतात. म्हणून कृतीला ‘संरोध-जुळवणी’ आणि साधलेल्या स्थितीला ‘जुळणी’ म्हणावे.

प्रतिसाद २:
‘जुळवणी’शी सहमत आहे, माझा आक्षेप ‘कार्यक्षम’ या शब्दाला आहे. 10 व्होल्टचा स्रोत आणि त्याचा अंतर्गत रोध 50 ओहम धरा. भारही 50 ओहमचा असेल, तर त्याला 0.5 वॅट मिळतात, पण तितकेच वॅट स्रोतात उष्णता होऊन वाया जातात, म्हणजे कार्यक्षमता केवळ 50 टक्के असते. भार 450 ओहमचा केला तर कार्यक्षमता 90 टक्क्यांवर जाते, मात्र भाराला 0.18 वॅटच मिळतात. जुळवणीने साधते ती कमाल शक्ती. कमाल कार्यक्षमता नव्हे. ‘मॅक्सिमम’साठी ‘महत्तम’ चुकीचा नाही, परंतु ‘कमाल तापमान’ रोज वाचणाऱ्याला ‘कमाल’ अधिक जवळचा आहे. ‘लोड’साठी ‘भार’ निःशंकपणे वापरावा, कारण ‘भारनियमना’ने तो घरोघरी पोहोचवलेला आहे.

प्रतिसाद १ :
आक्षेप मान्य आहे, तरी एक पुरवणी जोडतो. छतावरच्या दूरदर्शनच्या अँटेनाकडून येणारी 300 ओहमची चपटी वायर 75 ओहमच्या जोडणीला थेट लावली, तर पोहोचलेल्या शक्तीपैकी 36 टक्के परावर्तित होऊन मागे फिरते. त्यासाठीच मध्ये 4 : 1 चा बॅलन, म्हणजे संरोध जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, बसवत असत. तेथे ‘परावर्तन टाळण्यासाठी’ असे स्पष्ट लिहावे. ‘कार्यक्षम’ म्हटल्याने ते कारण झाकले जाते.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा आभारी आहे. सुधारलेले वाक्य असे : ‘स्रोताकडून भाराला कमाल शक्ती मिळावी, किंवा वाहिनीतले परावर्तन टळावे, यासाठी संरोध-जुळवणीचा परिपथ वापरतात.’