स्पॅनियल म्हणजे कुठला?

भाच्यानं नागपूरहून स्पॅनियलचं पिल्लू आणलं, तेव्हापासून वरूडच्या आमच्या घरी या शब्दाचा विषय रोज निघतो. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कुठचं कुत्रं आणलं बाप्पा?" त्यांना जात विचारायची होती, पण नावाचा अर्थ तोच निघाला: स्पेनचं.

लॅटिनमध्ये स्पेनला हिस्पानिया म्हणत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्पान्योल' म्हणजे स्पॅनिश. इंग्रजीत येताना पुढचा 'ए' गळाला. फ्रान्सचा सरदार गास्तों फेब्यूस यानं १३८७ साली शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला, त्यातही या कुत्र्यांचं मूळ स्पेनच सांगितलंय.

बाबांना हे पटायला वेळ लागला नाही. आमच्याकडे संत्र्याशेजारी मोसंबी उभी आहे आणि त्या नावात आफ्रिकेतलं मोझांबिक आहे. देशाचं नाव फळाला चिकटतं, तसंच कुत्र्यालाही.

स्पॅनियलच्या वेगवेगळ्या जातींची नावं मात्र कामावरून पडलीत. वूडकॉक या पक्ष्याच्या शिकारीला नेत तो कॉकर. झुडपात दबून बसलेलं पाखरू एकदम उडवतो तो स्प्रिंगर. इथे 'स्प्रिंग' म्हणजे वसंत नव्हे, उसळायला लावणं. आपल्या 'हाका'शी याचं नातं जवळचं वाटतं, पण हाक्यात हाकारे आरडाओरडा करून जनावर पुढे रेटतात आणि स्प्रिंगर नाकानं शोधून उठवतो. म्हणून मराठीत मी 'उठवणारा' म्हणेन, 'हाकारा' नाही.

इंग्रजीत 'स्पॅनियल' हा शब्द लाळघोट्या माणसालाही वापरतात. आपण त्यासाठी 'गोंडा घोळणे' म्हणतो, तोही कुत्र्याच्या शेपटीवरूनच. दोन्ही भाषांनी कुत्र्यावर अन्याय केलाय असं मला मनापासून वाटतं. बांधावरून फिरून आलं की या पिल्लाच्या लांब केसाळ कानांत कुसळं भरतात. बाबा चष्मा लावून ओसरीवर बसतात, कान उलटा करून एकेक कुसळ काढतात. दुखलं की ते कुईं करतं, पण शेपूट हलायची थांबत नाही. त्यात मतलब कुठला?

दबलेली तितर-बटेर झुडपातून बाहेर काढण्याला तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा खास शब्द असेल तर नक्की सांगा. 'उठवणं'पेक्षा नेमका मिळाला तर मला तो हवा आहे.