टनेलिंगची आकृती काढली की पोरं विचारतात, "सर, एनर्जी कुठे गेली?"

खडूफळा : टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) क्वांटम शिकवतो. टनेलिंग, म्हणजे ऊर्जा कमी असूनही इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या अडथळ्यातून (पोटेन्शियल बॅरियर) पार जाणं, आलं की दरवर्षी तेच. फळ्यावर डावीकडे उंच लाट, अडथळ्यात उतरती रेघ, उजवीकडे बुटकी लाट. लगेच मागच्या बाकावरून, 'सर, पार गेल्यावर इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी झाली ना?' नाही म्हटलं की माना डोलावतात आणि पेपरात तेच लिहितात. पुस्तकातली गणितंही पार जाण्याची शक्यता '१० चा ऋण अमुक घात' असं उत्तर काढून गप्प बसतात. कुणाकडे बरी आकृती, बरं उदाहरण आहे का? प्रोजेक्टर आहे, पण लाइटचा भरवसा नाही.

प्रयोगवही : पोरांचं काय चुकलं? एकाच उभ्या अक्षावर तुम्ही ऊर्जाही दाखवताय आणि तरंगफलही (वेव्ह फंक्शन, म्हणजे ती लाट). बुटकी लाट म्हणजे कमी ऊर्जा, असंच ती वाचणार. एकाखाली एक दोन आकृत्या काढा. वरच्या आकृतीत फक्त अडथळा आणि ऊर्जेची आडवी रेघ, पट्टी लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली तरंगफल. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना पोटेन्शियल सारखं असेल तर तरंगलांबीही सारखी, घटतो तो आयाम, म्हणजे लाटेची उंची. मी एखाद्याला पट्टी देऊन फळ्यावर मोजायलाच लावते.

सुईवाला : गणितासाठी एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) घ्या, त्यात सुई आणि पृष्ठभाग यांच्यातल्या फटीतून टनेलिंगचा प्रवाह वाहतो. बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत केलेला सूक्ष्मदर्शक, १९८६ चं नोबेल. अडथळा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एकक) उंच धरा. प्रवाह अंतराबरोबर e च्या ऋण घाताने घटतो, तो घातांक येतो दर अँगस्ट्रॉमला (मीटरचा हजार कोटीवा भाग) साधारण २.२९. म्हणजे सुई १ अँगस्ट्रॉम वर उचलली की प्रवाह जवळपास दहावा हिस्सा, ३ अँगस्ट्रॉमला हजारावा. एकेका अणूचा उंचवटा का दिसतो, ते इथे कळतं. मग त्याच अडथळ्यात प्रोटॉन घाला. वस्तुमान १८३६ पट, घातांक त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे ४३ पटीने वाढतो. १ अँगस्ट्रॉमलाच १० चा ऋण ४३ वा घात! आता त्या घाताला काही अर्थ आला.

खडूफळा : प्रयोगवही, पट्टीची युक्ती सोमवारीच करतो. सुईवाला, प्रोटॉन झकास! पण प्रवाह-अंतराचे आकडे मी तयारच देईन म्हणतो. लॅबच्या कपाटात सेमी-लॉग (एक अक्ष लॉगरिदमचा असलेल्या) कागदांचा गठ्ठा पडून आहे. त्यावर सरळ रेघ येईल, तिच्या उतारावरून अडथळ्याची उंची पोरांनीच काढायची.

सुईवाला : मग ५ आधी सांगू नका. आणि एखाद-दुसरा बिंदू रेघेबाहेर ठेवा, नाहीतर शेजारच्याचं बघून उतरवतील.