तोरणमाळ: पासिंग बघून माणूस ओळखायचा का?

सातपायरी घाट:
भो, सरळच विचारतो. आम्ही स्थानिक, नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळला यशवंत तलावाजवळ माझी चहा-भज्यांची टपरी आहे. गाडी थांबली की मी आधी पासिंग बघतो. एमएच १२ म्हणजे पुणे: चहा दोघांत एक, फोटो चाळीस, वर 'तेल कोणतं वापरता?' एमपी ०९ म्हणजे इंदूर, खाणार मनापासून पण भज्यांवर शेव नाही म्हणून तोंड वाकडं. आणि जीजे ०५, सुरत. दहा प्लेट मागवतील, पैसे मोजून देतील, मग बाटली काढतील. त्यांच्याकडे १९६० पासून दारूबंदी, म्हणून घाट चढून इथं येतात. मागच्या श्रावणात सुरतवाल्यांनी तलावाच्या पायरीवर बाटली फोडली, माझ्या पोराच्या पायाला दोन टाके पडले. याला पूर्वग्रह म्हणायचं की अनुभव?

नवापूरकर ताई:
पोराचा पाय बरा आहे ना आता? बाकी तुमचं पटत नाही. आमच्या नवापूर स्टेशनात एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्यावर बसलेल्याची पासिंग सांगा बरं. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेत जीजेच्या गाड्या भरभरून येतात, ते लोक प्यायला येतात का? आणि बाटली काढणाऱ्याला चकण्याची भजी तळून देतं कोण, भाऊ?

धुळ्याचा भाचा:
ताई, भजी विकणं त्याचा धंदा आहे, त्यात त्याला कशाला पकडता? टपरीवाल्याला दोन मिनिटांत गिऱ्हाईक ओळखावं लागतं, तो काय कुंडली मांडत बसणार? गुजरातेत सापुताऱ्याला आपली एमएच १८ बघून तिथलेही म्हणतच असतील, आले धुळेवाले, आता गाणी मोठ्यानं लागणार. (लागतातच. मागच्या खेपेला आमच्याच गाडीत.)

केळीवाला, जळगाव:
अंदाज बांधण्यात आपलंच नुकसान होतं. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे आमच्या स्टेशनावर उतरतात, लेणी तिथून साठेक किलोमीटर. गोरा माणूस दिसला की भाव तिप्पट. एकदा एक बाई पाठीवर पोतं टाकल्यासारखी बॅग घेऊन एसटी स्टँड विचारत होती. चौघांनी तिला टॅक्सीच दाखवली. शेवटी एका शाळकरी पोरीनं हात धरून लाल गाडीत बसवलं. परत गेल्यावर ती बाई जळगावबद्दल काय सांगेल, त्या चौघांचं की त्या पोरीचं?

वरच्या पाड्यावरचा:
मी पावरा आदिवासी आहे, तोरणमाळच्याच पाड्यावरचा. सातपायरीदादा, तुम्ही शहाद्याहून येऊन टपरी टाकली, त्याबद्दल राग नाही. पण तुम्ही 'आम्ही स्थानिक' म्हणता तेव्हा हसू येतं. गेल्या उन्हाळ्यात माझी आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. एक काका गाडीतून उतरले, न विचारता तिच्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि म्हणाले, 'आजी, जरा हसा ना.' आजी उठून घरात गेली, तर कुडाच्या फटीतून फोटो काढला. पासिंग एमएच ३९, नंदुरबारची, तुमची-माझीच. 'मोहाची मिळेल का?' हे पुणेकरानं मला एकदाच विचारलं. शहादे-धुळ्याचे दर रविवारी विचारतात. तुमच्या यादीत पुणे आहे, इंदूर आहे, सुरत आहे. शहादं कुठं आहे?

धुळ्याचा भाचा:
फोटोचं चुकलंच. पण सगळेच तसे नसतात, दादा.

वरच्या पाड्यावरचा:
बघा, आता कसं सुचलं, सगळेच तसे नसतात.

नवापूरकर ताई:
सातपायरीभाऊ, एक सांगा. बाटली फोडताना तुम्ही स्वतः बघितलं होतं का?

सातपायरी घाट:
काचा सकाळी सापडल्या. रात्री मी खाली शहाद्याला होतो. पण आदल्या दिवशी जीजेच्या तीन गाड्या होत्या, त्या मी मोजल्या होत्या.

वरच्या पाड्यावरचा:
आणि एमएच ३९ किती होत्या?

सातपायरी घाट:
त्या कोण मोजतं भो, त्या रोजच्याच.