दारू मारते की माणूस मारतो?

सदरचा_रहिवासी
"शुद्धीत नव्हता जी तो" हे ऐकून आता संताप येतो. तान्ह्या पोळ्याच्या रात्री शेजारच्यानं पिऊन बायकोला मारलं. आम्ही धावलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली, तर हाच माणूस शर्टाची बटनं लावत "नमस्कार साहेब" म्हणाला! मग शुद्ध कुठं गेली होती? ज्याच्यावर हात उचलला तरी खपतं, त्याच्यावरच प्यालेला हात उचलतो.

धरमपेठची_ताई
दादा, हे अर्धंच खरं आहे. मेंदूचा पुढचा भाग आपल्याला 'थांब' म्हणतो, आणि दारू नेमका तोच मंद करते. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलं की प्यालेल्याचं लक्ष आखूड होतं. समोरचा टोमणा तेवढा दिसतो, उद्याचे परिणाम दिसत नाहीत. गाडी डोळ्यासमोर आली म्हणून तो थांबला, एवढंच.

सदरचा_रहिवासी
बायकोचं रडणंही डोळ्यासमोरच होतं की, ताई. ते कसं नाही दिसलं?

इतवारी_77
बरोबर विचारलं. 1975 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काहींना व्होडका सांगून नुसतं टॉनिक वॉटर पाजलं, तर तेही समोरच्याला जास्त जोराचे विजेचे शॉक देऊ लागले. पोटात थेंब नाही आणि हात सुटला! 'प्यालो की चालतं' हे आपणच पोरांना शिकवतो.

धरमपेठची_ताई
पण नंतरच्या कित्येक प्रयोगांत खऱ्या दारूनंही आक्रमकपणा वाढलेला दिसला. सगळा दोष मनावर टाकला तर व्यसनाच्या उपचाराला कोण जाईल? माझ्या भावाची दारू सुटली आणि घरातली आदळआपट थांबली. तो मुळात वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही.

मानेवाड्याची_वकील
उपचार हवेतच. पण कायद्यात स्वतःहून प्यालेल्याला सूट नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 23 फक्त नकळत किंवा जबरदस्तीनं पाजलेल्याला वाचवतं, तेही त्याला काहीच समजत नसेल तर. आणि सदरवाले दादा, त्या रात्री साहेबांना कोणी सांगितलं का, आत काय झालं ते?

सदरचा_रहिवासी
नाही. तिनंच हात जोडले, "राहू द्या" म्हणून.

मानेवाड्याची_वकील
तो समोर उभा असताना ती दुसरं काय म्हणेल? उद्या तो कामावर गेला की तुमच्या घरच्या बाईला तिच्याकडे पाठवा आणि महिला हेल्पलाइनचा 181 नंबर देऊन ठेवा. पुन्हा आवाज आला तर त्याच्याशी दारात वाद घालू नका, सरळ पोलिसांना 112 लावा.