तातडीची मदत हवी आहे: बहिणीने बाळ सरेंडर केलंय, आता परत हवंय

अबोली२७:
सरळ मुद्द्यावर येते, वेळ नाही. धाकट्या बहिणीने बालकल्याण समितीपुढे सही करून बाळ दत्तकासाठी दिलं, म्हणजे सरेंडर केलं. आता तिला ते परत हवंय. संस्थेतल्या बाई म्हणतात, "सही झाली, विषय संपला." खरंच संपला का? अर्ज कुठे करायचा? "आधी विचार करायला हवा होता" असं कृपया कोणी लिहू नका, ते घरी रोज ऐकतोय.

साक्षीदार:
सही कोणत्या तारखेला केली? सगळं त्यावर अडलंय. बाळ केवढं आहे?

नानाकाका:
समितीच्या नादी लागू नका. चांगला वकील गाठा आणि थेट हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाका, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका. माझ्या मेव्हण्याचा मुलगा आठ दिवसांत हजर केला होता.

साक्षीदार:
नानाकाका, ते नवरा-बायकोचं ताब्याचं भांडण होतं, तुम्हीच मागे लिहिलं होतं. इथे आईने स्वतः सही केली आहे. दोन्हींची गल्लत नको.

प्राजक्ता_समुपदेशक:
अबोलीताई, विषय संपलेला नाही. बाल न्याय कायदा 2015, कलम 35. सरेंडरनंतर आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. नियमावलीत तेच 60 दिवस लिहिले आहेत. ही मुदत सरेंडरच्या तारखेपासून मोजतात, म्हणून तारीख विचारतोय. मी अशा आयांबरोबर नऊ वर्षं काम केलंय. सही करताना ही मुदत त्यांना समजावून सांगायची असते, पण त्या वेळी त्यांना काही ऐकू येण्याच्या अवस्थेत मी फार कमी जणींना पाहिलंय.

अबोली२७:
झेरॉक्सवर शिक्का नेमका तारखेवर उमटलाय. 11 की 17 कळत नाही. 11 धरली तर आज 51 वा दिवस. बाळ दिलं तेव्हा तीन आठवड्यांचं होतं. बहिणीचं दूध अजून थांबलेलं नाही. रात्री ओढणी पिळून वाळत घालते आणि कोणाशी बोलत नाही.

प्राजक्ता_समुपदेशक:
11 च धरा आणि उद्या सकाळीच जा. सुट्ट्या वगळून मिळतील या भरवशावर राहू नका. अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे, बहिणीच्या सहीचा, साध्या कागदावर चालेल. फक्त एवढंच: मी अमुक तारखेला बाळ सरेंडर केलं, फेरविचाराच्या मुदतीत परत मागते आहे. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी सांगितलेलं उद्या कोणाला आठवत नाही. समितीचा आदेश विरोधात गेला तर 30 दिवसांत अपील करता येतं. आणि वकिलासाठी कर्ज काढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

वाटपाहणारे:
आम्ही तीन वर्षं दत्तकाच्या यादीत आहोत. राग मानू नका, पण आज दिलं, उद्या मागितलं, यात बाळाचं काय? दुसऱ्या बाजूलाही माणसं आहेत.

प्राजक्ता_समुपदेशक:
दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण मुदत संपून समितीने बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर केल्याशिवाय ते कोणत्याही जोडप्याला सुचवत नाहीत. त्या निर्णयाला समितीचे किमान तीन सदस्य लागतात. ही मुदत तुम्हालाही जपते, कारण नंतर दारात कोणी उभं राहत नाही.

नानाकाका:
म्हणजे आईचा हक्क सहीनेच गेला ना? मग मी काय वेगळं म्हणत होतो?

साक्षीदार:
नाही गेला. कलम 63 वाचा. जन्मदात्या कुटुंबाशी असलेले संबंध तुटतात ते दत्तक आदेश लागू होतो तेव्हा. सहीने प्रक्रिया सुरू होते. अबोलीताई, बाळाचे वडील कुठे आहेत? त्यांची सही आहे का? हे अजून आलंच नाही.

अबोली२७:
त्याचं काय लिहायचं? सहाव्या महिन्यात सोडून गेला. फोन बंद. लग्न झालंय, नोंदणीही आहे. सही फक्त तिची. आमच्या हिशेबात तो माणूस नाहीच.

साक्षीदार:
तुमच्या हिशेबात नसेल, कायद्याच्या आहे! लग्नाच्या जोडप्याचं मूल असेल तर सरेंडरवर दोघांच्या सह्या लागतात. एकट्याने दिलं आणि दुसऱ्याचा पत्ता नसेल तर ते मूल सोडून दिलेलं समजून पुढची कार्यवाही करतात. मग मुक्त जाहीर करण्याआधी पालकांचा शोध घ्यावा लागतो. अर्जात हे स्पष्ट लिहा. समितीने कोणत्या सदरात नोंद केली तेही लेखी मागा.

सुरेखा_क:
सोडून दिलेलं म्हटल्यावर पोलिस केस होते. आमच्या गल्लीतल्या बाईवर झाली होती. जपून.

प्राजक्ता_समुपदेशक:
सुरेखाताई, घाबरवू नका. कलम 38 मध्ये स्पष्ट आहे, सोडलेल्या किंवा सरेंडर केलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्यांवर एफआयआर नोंदवायचा नाही. या भीतीनेच बायका मुदत घालवतात. आणि अबोलीताई, बाळाचं नाव, फोटो, संस्था इथे अजिबात टाकू नका, कलम 74 खाली तो गुन्हा आहे.

मेघदूत_जोशी:
दत्तकासाठी ऑनलाइन नोंदणी करताना पॅन कार्ड लागतं का?

साक्षीदार:
मेघदूत, वेगळा धागा काढा.

नानाकाका:
मावशीनेच दत्तक घ्यावं की. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने घरच्या घरी होतं.

प्राजक्ता_समुपदेशक:
बाळ समितीच्या ताब्यात आहे, काका, घरच्या घरी काही होणार नाही. आणि आईला स्वतःला हवंय. आधी ते बघू.

अबोली२७:
आज गेलो. आधी "साहेब नाहीत" म्हणाले. बहीण बाकावरून उठलीच नाही. साडेतीनला आवक क्रमांक मिळाला. मूळ कागदावर तारीख 11 च आहे. नवऱ्याच्या सहीची जागा कोरी. सोमवारी दोघींना बोलावलंय. बाळ बघू दिलं नाही. सोमवारी काय विचारतात?

प्राजक्ता_समुपदेशक:
राहणार कुठे, खर्च कोण करणार, ती कामावर गेली की बाळाजवळ कोण असेल. गृहचौकशीला घरी येतील. बाळ दिलं तरी काही काळ देखरेख ठेवतील, त्याला नाही म्हणू नका. "मी सांभाळेन" हे तुम्ही सांगणार असाल तर तसं लिहून न्या. बाकी उत्तरं तिला देऊ द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

अबोली२७:
लिहून ठेवलंय. आईचीही सही घेते.